लांबरोटीला मोकळे हात लागतात

माझ्या हातांकडे बघून कुणी माझ्याबद्दल काही ठरवलं की मला आजही राग येतो. आता हात सुरकुतले आहेत, मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत. सही घेताना बँकेतली मुलगी माझा हात धरते, रिकाम्या मनगटाकडे बघते आणि एकदम आवाज मऊ करून "आजी" म्हणते. तेव्हा तिला सांगावंसं वाटतं, बाई गं, कीव करू नकोस. हे हात मी भर संसारात, माझ्या मर्जीनं मोकळे केले, आणि त्यासाठी अख्ख्या बाजाराशी भांडले.

आम्ही मूळचे वैनगंगेच्या काठचे, भंडाऱ्याकडचे. धानाची शेती होती, पण खाणारी तोंडंही तेवढीच होती. भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहून राहिला, माणसं पाहिजेत, अशी खबर गावात आली आणि माझा नवरा लगेच निघाला. तिथं तो खलाशी झाला. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. दोर, साखळ्या आणि पुल्या लावून टनावारी लोखंड वर चढवायचं आणि जागेवर बसवायचं, ते करणाऱ्याला तिथं खलाशी म्हणत. कॅम्पमध्ये त्याला पत्र्याची एक खोली मिळाली आणि सहा महिन्यांनी मी आले. पहिली भट्टी पेटलेली होती, बाकीचं गाव अजून खड्ड्यांत होतं. लाल धूळ इतकी उडायची की सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी भगवं होऊन दोरीवरून उतरायचं.

दोन महिने मी त्या खोलीत बसून पाळीचे भोंगे मोजले. तिसऱ्या महिन्यात कुंभाराकडून जाड बुडाचं मडकं करून घेतलं, बाजाराच्या कडेला दोन बल्ल्या रोवल्या, वर ताडपत्री टाकली आणि चूल मांडली.

लांबरोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. गव्हाचं पीठ चांगलं सैल भिजवायचं आणि परातीत आपटत राहायचं, त्याला तार सुटेपर्यंत. मग गोळा हातावर घ्यायचा. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत तो आपल्याच वजनानं लांबत जातो. या हातावरून त्या हातावर झेलायचा आणि भोक पडायच्या आत चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. सोबत झणझणीत डाळकांदा आणि पत्रावळीच्या कडेला कच्चा कांदा. एवढाच माझा बेत. दुसरं काही कुणी मागितलं तर मी म्हणायची, पुढच्या दुकानात भजी मिळतात.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं होतं. एक पंजाबी वेल्डर रोज उभ्यानं खायचा आणि रोज तेच विचारायचा, "बीबी, ये रोटी है कि चादर?" एक मद्रासी कारकून रोटी संपवून मोठ्या आशेनं म्हणायचा, "राईस?" मी मान हलवायची, तो उसासा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. एकदा एक रशियन साहेब दुभाष्यासकट आला. रोटी माझ्या हातावर लांबताना बघून त्यानं आपल्या शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढे केला. मी दिला गोळा. तो सरळ त्याच्या बुटावर जाऊन पडला. बाजार हसला, साहेबही हसला आणि बूट पुसून दोन रोट्या खाऊन गेला. मला तिथं कुणाची भीती वाटली नाही. सगळेच बाहेरगावचे होते आणि सगळ्यांनाच भूक लागत होती.

माझ्या ठेल्यावर कधी आला नाही असा एकच माणूस होता, माझा नवरा.

"तुले करायचं त कर," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पन मी तिकडे येनार नाही. अन् कोनाची बायको हाय तू, हे कोनाले सांगू नको."

आम्ही शेतवाले. आमच्या घरची बाई बाजारात चूल मांडून परक्या पुरुषांना वाढते, हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, ठीक. मला वाटलं, आज ना उद्या येईल. कारखान्यातून घरी यायचा सरळ रस्ता बाजारातूनच होता. तो रुळांच्या बाजूनं वळसा घालून घरी जायचा. घरी झाकून ठेवलेली रोटी मात्र मिटक्या मारत खायचा.

तेव्हा माझ्या हातांत हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या होत्या. घरी चार रोट्या करायच्या तर बांगड्या वर सारल्या की भागतं. बाजारात सकाळी अकरापासून माझा हात थांबत नव्हता. बांगड्या घसरून खाली यायच्या, पिठात बुडायच्या, एकमेकींवर आपटायच्या. एक दिवस एका गिऱ्हाइकानं खाता खाता तोंडात बोट घातलं, काहीतरी काढलं आणि पत्रावळीच्या कडेला ठेवलं. नखाएवढा हिरव्या काचेचा तुकडा. त्याच्या हिरडीतून रक्त येत होतं.

हा माणूस छत्तीसगढी, तिथल्याच गावचा. त्याची जमीन कारखान्याच्या हद्दीत गेली होती आणि आता तो त्याच हद्दीत मातीकामाला जायचा. चाळिशीचा असेल. बायको वारली आहे, असं शेजारची भाजीवाली म्हणायची. कमी बोलायचा. गिऱ्हाइकांसाठी मी विटांवर एक लांब फळी टाकली होती, तिच्या टोकाला बसून खायचा. दुसरा कुणी असता तर माझं मडकं फोडून गेला असता, आणि ते बरोबरच झालं असतं. यानं चूळ भरली, उरलेली रोटी खाल्ली आणि जाताना फक्त म्हणाला, "चूरी टूट गे हे, बाई."

बांगडी फुटली आहे, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी सगळ्या बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या. शेजारणीनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अवो, नवरा जिता असून हात सुन्ने? अशानं त्याच्या जिवाले काही झालं मंग?"

"त्याचा जीव माह्या बांगडीले टांगला असन," मी म्हटलं, "त त्यानं पन्नास फुटावर दोराले लटकाचं काम आधी सोडाव."

शेजारीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही, की बाईच्या मनगटावर काच नसणं हा अपशकुन कसा, आणि भुकेल्या माणसाच्या घासात काच जाणं हा का नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या हातांनी रोटी केली. काय सांगू! इतकी पातळ, इतकी लांब रोटी माझ्या हातून कधी झाली नव्हती. कुठं अडत नव्हतं, कुठं फाटत नव्हतं. मी स्वतःवरच खूश होऊन हसत होते. फळीच्या टोकाला बसलेल्या त्या माणसानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि तो खाता खाता थांबला. मला वाटलं, कालच्या काचेमुळे बिचकला. मी म्हटलं, "अब कुछ नहीं निकलेगा, भाऊ. खाओ." त्यानं मान खाली घातली.

त्याच्या मनात काय चाललं असेल हे मला नंतर समजलं. काल फुटलेली बांगडी, आज सुने हात. त्याच्या गावी याचा एकच अर्थ होतो, आणि खरं बोलायचं तर माझ्याही गावी तोच होतो. कपाळावर कुंकू लावून मी निघायची, पण चुलीपुढच्या घामात ते तासाभरात पुसलं जायचं. गळ्यात काळी पोत होती, पण ती खूण आपली. त्यांच्याकडे बाईचा नवरा दिसतो तो भांगातल्या शेंदरात आणि हातातल्या चुडीत. शेंदूर मी कधी भरला नव्हता, आणि चुडी डब्यात होती.

त्यानंतर तो माणूस एकही दिवस चुकला नाही. हंड्यात पाणी कमी दिसलं की न सांगता नळावरून भरून आणायचा. ताडपत्रीचा दोर सुटला की बांधून द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, "कोनो नइ आवय, बाई?" कुणी येत नाही का?

मी रोटी झेलता झेलता म्हटलं, "कोनी नाही येत."

खरंच होतं ते. आणि म्हणताना माझा आवाज जड झालाही असेल, कारण तेव्हाच पाळी सुटल्याचा भोंगा झाला होता आणि माझा माणूस रुळांच्या बाजूनं घरी निघाला असणार होता.

असा दीड महिना गेला. माघी पुन्नीच्या, म्हणजे पौर्णिमेच्या, जत्रेला तो छत्तीसगढी माणूस चार दिवस गेला होता. परत आला तो गुलाबी कागदाची एक पुडी घेऊन. ती त्यानं माझ्या परातीशेजारी ठेवली.

"तोर बर लाने हंव," तो म्हणाला. तुझ्यासाठी आणलं.

कागद बाजूला करून पाहिलं तर लाखेच्या लाल बांगड्या, वर पिवळी नक्षी. मला भरून आलं. आमच्याकडे बाईला चोळी-बांगडी करायची ती माहेरच्यांनी. माझा भाऊ लांब, वर्षाकाठी एखादं पत्र. आणि इथं परक्या मुलखात, माझ्याच बांगडीनं ज्याचं तोंड कापलं, त्याला वाटलं की हिचे हात रिकामे राहू नयेत. लाखेची बांगडी फुटून घासात जात नाही, इतकाही विचार त्यानं केला, असं मी आपलं धरून चालले. पिठानं भरलेले दोन्ही हात मी त्याला दाखवले, हसले आणि म्हटलं, "हाथ आटे के हैं, भाऊ. रख दो, बाद में पहनूँगी." भाऊ तर मी सगळ्यांनाच म्हणायची, पंजाब्याला, मद्राशाला, रशियन साहेबालाही. त्या शब्दात काही वजन उरलं नव्हतं. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुडी मी पिठाच्या डब्यात ठेवली आणि कामात विसरले.

पाचव्या दिवशी रविवारचा मोठा बाजार होता. दुपारी बाराच्या सुमारास तो आला, धुतलेलं धोतर नेसून. बरोबर तीन म्हातारे आणि एक म्हातारी. म्हातारीच्या हातात कोऱ्या लुगड्याची घडी. मी म्हटलं, या, बसा, रोट्या टाकते. म्हातारी म्हणाली की रोटी मग, आधी चूरी पहिर, बांगड्या घाल. आणि ती लुगडं माझ्या खांद्यावर ठेवायला पुढे झाली.

भाजीवालीनं मला हाताला धरून बाजूला ओढलं. तीही तिकडचीच. तिनं मला भराभर समजावलं. त्यांच्यात नवरा वारलेल्या बाईला पुन्हा घर द्यायचं असलं तर मांडव घालत नाहीत, वाजंत्री नसते. पुरुष चुडी आणतो. बाईनं ती घेतली की ती त्याची झाली. मग समाजाची चार माणसं येतात आणि तिला मानानं घरी नेतात.

"अउ तैं त हाँस के ले हस!" भाजीवाली कपाळाला हात लावून म्हणाली. तू तर हसून घेतलीस!

मला पहिल्यांदा हसू आलं, मग संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. त्या माणसावर काढावा तर त्याचं काय चुकलं? मी ठेल्यावर परत आले आणि मोठ्यानं सांगितलं, "मेरा आदमी जिंदा है."

म्हाताऱ्यांपैकी पांढऱ्या मिशांचा होता तो शांत माणूस होता. त्यानं विचारलं, "कहाँ हे?"

मी बाजाराकडे बघितलं. पंजाबी वेल्डर मिशीला पीळ देत खाली बघत होता. दीड वर्ष मी त्या जागेवर बसत होते आणि माझ्या नवऱ्याला तिथं एकानंही पाहिलं नव्हतं.

खाणाऱ्यांत एक खलाशी होता, दुसऱ्या पाळीचा, पण नवऱ्याच्याच कामावरचा. मी त्याला नवऱ्याचं गाव सांगितलं, कामाची जागा सांगितली, तुटलेल्या करंगळीची खूण सांगितली. त्याचा घास हातातच राहिला.

"वो?" तो म्हणाला. "उसने तो बोला है, घरवाली गाँव में रहती है."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की ते लुगडं खांद्यावर घ्यावं आणि चालू पडावं. एका माणसाला मी हवी होते, तर तो चार माणसं घेऊन भर बाजारात आला होता. दुसऱ्याकडे मी होते, तर त्यानं माझ्याच हातची रोटी खाऊन मला परस्पर गावाला धाडून दिलं होतं.

"जा," मी त्या खलाशाला म्हटलं, "गेटवर उभा राहा. त्याला सांग, तुझी बायको गावाहून आली आहे. भोंगा झाला की बाजारात ये. नाही तर ती दुसऱ्याच्या गावाला जाते."

भोंग्याला दीड तास होता. तो दीड तास मी रोट्या करत राहिले. माणसं गोळा झाली. आमच्या खोल्यांच्या लायनीतला एक जण गर्दीतून पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, बांगड्या घाल अन् घरी जा. तमाशा कावून करून राहिली?"

"रोटी पाहिजे त बसा," मी म्हटलं, "नाही त उजेड सोडा."

मागून कुणीतरी खिदळलं, "दूल्हा आया है, दूल्हा!" त्या माणसाची मान आणखी खाली गेली. माझ्या दोन्ही हातांवर तेव्हा अर्धी लांबलेली रोटी होती. ती तशीच धरून मी गर्दीकडे वळले आणि सांगितलं की इथं या माणसाला कुणी हसणार नाही. चुडी मी घेतली, चूक माझी आहे, हसायचं तर मला हसा, आणि हसून झालं की भजीवाल्याकडे जा, माझ्याकडची रोटी मिळणार नाही. कुणी गेलं नाही. त्या पाच जणांना मी आधी वाढलं. कुणाची का असेना, पाहुणे म्हणून आली होती ती माणसं.

भोंगा झाला. थोड्या वेळानं नवरा आला. तोंडावर धूळ, नजर जमिनीत. सरळ माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "बांगड्या घाल. चाल घरी. गावभर शोभा करून राहिली."

"मी कशी येऊ घरी?" मी मोठ्यानं म्हटलं. "मी त गावाले हाय म्हने."

पांढऱ्या मिशांचा म्हातारा उठून त्याच्यासमोर उभा राहिला. "ए तोर सुवारी ए?" ही तुझी बायको का?

नवऱ्यानं मान हलवली.

"मुँह ले बोल."

"हाँ. मेरी घरवाली है."

"मागच्याइले आयकू नाही आलं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी बसले नाही. तेव्हा त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हाताऱ्यानं ते ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "त अतेक दिन कहाँ रहे?"

मग इतके दिवस कुठं होतास? आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नवरा लोखंडाचे खांब उभे करणारा माणूस, पण त्याला त्या म्हाताऱ्यापुढे धड उभं राहता येईना.

मी हात धुतले, पिठाच्या डब्यातून पुडी काढली आणि दोन्ही हातांनी त्या माणसाला परत दिली. म्हटलं, तुमची रीत मला ठाऊक नव्हती, भावानं दिलं असं समजून मी घेतलं, माफ करा.

"हाथ सुन्ना रहिस, बाई," तो म्हणाला. "मैं का समझतेंव."

हात सुने होते, मी काय समजणार. त्यानं पुडी गमछ्याच्या टोकाला बांधली. पत्रावळीवरचं सगळ्यांनी संपवलं, काही टाकलं नाही. जाताना म्हातारीनं लुगडं काखेत मारलं, माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "बने राँधथस, नोनी." छान रांधतेस, पोरी. माझ्या रोटीची इतक्या अवघड वेळी तारीफ करणारी ती एकटीच.

संध्याकाळी आमच्या खोलीपुढे लायनीतली आपली माणसं जमली. सगळी आपल्याकडची, भंडाऱ्याची, बालाघाटची, एक राजनांदगावचा. त्यांनी आपसांत ठरवूनच आणलं होतं. एक तर बांगड्या भर, नाही तर ठेला बंद कर. मंडळी पांगल्यावर नवऱ्यानं तेच म्हटलं.

"आयकलं ना? उद्यापासून बांगड्या. नाही त ठेला बंद."

दीड वर्षाचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "मले रांड माह्या हातानं नाही केलं," मी म्हटलं, "तुमी केलं. म्या बांगड्या काढल्याले दीड महिना झाला. तुमी त दीड वर्षापासून मेलेल्या मानसावानी रुळाच्या बाजूनं जाऊन राहिले."

त्यानं हात उगारला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो नुसता खाटेवर बसला.

"काच मी पुन्हा कोनाच्या घासात जाऊ देनार नाही," मी म्हटलं. "ठेला बी बंद करनार नाही. मले नवरा हाय हे लोकाईले दाखवाचं असन, त नवऱ्यानं दिसाव. तुमचं जेवन आता बाजारात. घरची चूल नाही पेटनार."

आणि नाही पेटवली. पहिले दोन दिवस त्यानं चणे-मुरमुरे खाल्ले, मग कॅन्टीन, मग कुणा मित्राकडे. माझ्याशी एक शब्द नाही. मी रोज सकाळी मोकळे हात घेऊन बाजारात जायची, रोज मडकं तापवायची, आणि वरून कितीही ताठ दिसत असले तरी आत धाकधूक होती. त्यानं माझं गाठोडं बांधून मला खरंच गावाला पाठवलं असतं तर मी काय करणार होते? त्याची माणसं त्याच्या बाजूनं होती. माझ्या बाजूनं एक भाजीवाली आणि एक मडकं. पण एकदा हात आखडले की पुन्हा कधी लांब करता येणार नाहीत, हे मला पक्कं कळत होतं. ताडपत्रीचा दोर सुटला तर मीच बांधला, हंडा मीच भरला. तो छत्तीसगढी माणूसही आता येत नव्हता, आणि त्याचं न येणं मला टोचत होतं. त्याला लाज वाटावी असं त्यानं काही केलं नव्हतं.

सहाव्या दिवशी तो आला. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या कपड्यांत, फळीच्या टोकाला बसला. मी त्याच्यापुढे पत्रावळ मांडली आणि रोटी हातावर घेतली. तेवढ्यात भोंगा झाला.

रुळांकडे मी आता बघतही नव्हते. बाजारातल्या रस्त्यानं खलाशांची एक टोळी येताना दिसली, सात-आठ जण, खांद्यावर दोरांची वेटोळी. पुढे माझा नवरा. तो ठेल्यापुढे येऊन थांबला. वेल्डरचा हात तोंडाशीच थांबला. नवऱ्याचा चेहरा भट्टीपुढे उभं राहिल्यासारखा लाल झाला होता. तो आपल्या गँगकडे वळला आणि म्हणाला, "ये मेरी घरवाली है. गाँव में नहीं, यहीं रहती है. ये रोटी यही बनाती है." मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "मले वाढते का?"

माझे डोळे भरले होते, पण दोन्ही हातांवर रोटी होती, पुसणार कशानं. "नंबरानं," मी म्हटलं. "जागा पाहून बसा."

जागा नव्हती. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती आणि कुणी हलेना. नवरा तसाच उभा राहिला, सगळ्या बाजारासमोर, आणि या वेळी निघून गेला नाही. मग टोकाला बसलेल्या त्या माणसानं आपली पत्रावळ उचलली, आणखी टोकाला सरकला आणि आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली. नवरा तिथं बसला. दोघं मांडीला मांडी लावून, समोर बघत बसून राहिले.

मी मडक्यावरून रोटी काढली आणि पहिली त्या माणसाला वाढली, मग नवऱ्याला. नंबर त्याचा आधी होता.